हात इथे, गिअर तिथे: एका जुन्या टाइम ट्रायल सायकलची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. ज्यांना प्रवासात ऐकता आलं नाही किंवा मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी.)

 

सुरुवातीला तुम्ही जो आवाज ऐकलात ना, तो बारीकसा "झिईं", तो माझ्या सायकलचा आहे. माझ्या जुन्या, साधारण पंधरा वर्षं वयाच्या सायकलचा. मागच्या चाकाजवळ एक छोटी मोटर आहे, ती चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलते. मोटर सायकल चालवत नाही हं, पाय मलाच मारावे लागतात. ती फक्त गिअर बदलते. याला म्हणतात इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग.

आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की सायकलच्या दुकानाची जाहिरात? थांबा जरा. या आवाजामागे बराच मोठा इतिहास आहे, आणि तो मला कळला तो एकदा पडल्यामुळे.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवार, पहाटेची वेळ, जुना कात्रज घाट. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ साठी माझी तयारी चालली होती. २०१९ पासून गोव्यात ही स्पर्धा होते: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळणं. क्लबमधल्या एका दादाने त्याची जुनी टाइम ट्रायल सायकल मला स्वस्तात दिली होती. दिसायला एकदम भारी. चालवायला मात्र तिची एक खोड होती, आणि ती खोड मला त्या दिवशी समजली.

टाइम ट्रायल सायकल पाहिली नसेल तर सांगते. तिला हँडल दोन असतात म्हणा ना. एक खालचा, बैलाच्या शिंगांसारखा पुढे आलेला बेसबार. त्याच्यावर ब्रेक. आणि मधोमध पुढे निघालेल्या दोन नळ्या, त्यांना एरोबार म्हणतात. त्यावर कोपरं टेकवून, पाठ सपाट करून, वाऱ्यात घुसायचं. गिअरचे दांडे या नळ्यांच्या अगदी टोकाला.

म्हणजे लक्षात आलं का? ब्रेक एका जागी, गिअर दुसऱ्या जागी. सपाट रस्त्यावर काही अडचण नाही. पण घाटात वळण आलं की हात बेसबारवर हवेत, कारण ताबा आणि ब्रेक तिथे. आणि नेमका त्याच वेळी चढ वाढतो, गिअर हलका करायचा असतो. मग काय करायचं? एक हात सोडायचा, पुढे टोकापर्यंत न्यायचा, दांडा दाबायचा, परत यायचं.

मी तेच केलं. उजवा हात पुढे, डावा हात एकटा हँडलवर, समोर खड्डा. पुढचं चाक वळलं आणि मी रस्त्यावर. डोकं हेल्मेटने वाचवलं. उजव्या अंगठ्याचा लिगामेंट मात्र दुखावला. सहा आठवडे पट्टी. पट्टी निघाल्यावर पाणी पिता यायचं, फोनवर टाइप करता यायचं, पण तो गिअरचा ताठ दांडा काही दाबला जाईना. अंगठ्यात कळ यायची.

घरी बसून मला एकच प्रश्न छळत होता. अरे, इतकी हुशार माणसं सायकली बनवतात, मग हात इथे आणि गिअर तिथे हे असं का? चूक माझी होती की सायकलची?

शोधायला बसले आणि थेट फ्रान्सला पोहोचले.

गिअर म्हणजे लाड?

टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली. तिचा कर्ताधर्ता होता हेन्री देग्रांज, एका क्रीडा वृत्तपत्राचा संपादक. या गृहस्थाला गिअर बदलण्याची यंत्रं अजिबात पसंत नव्हती. शर्यत ही माणसाच्या पायांची असावी, यंत्राची नको, असा त्याचा हट्ट. मग स्पर्धक चढ आला की काय करायचे? सायकलवरून उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं करून लावायचे, कारण चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळी चक्रं असायची. चढ संपला की पुन्हा तोच उद्योग. चेन सरकवणारा डिरेलर टूरमध्ये सगळ्यांना वापरायची परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. म्हणजे तब्बल ३४ वर्षांनी!

हे मी मुद्दाम सांगतेय. कारण आजही ग्रुपवर कुणी इलेक्ट्रॉनिक गिअरचं नाव काढलं की एकजण हमखास लिहितो, "आमच्या वेळी असले लाड नव्हते." त्याला माहीत नसतं, पण तो देग्रांजचाच वारस असतो.

डिरेलर आला तरी त्याचा दांडा असायचा फ्रेमच्या खालच्या नळीवर. गिअर बदलायचा तर हात हँडलवरून काढून गुडघ्याजवळ न्यायचा. कितीतरी वर्षं जगातले सगळे मोठे खेळाडू असेच चालवत होते. १९८४ मध्ये जपानच्या शिमानोने "टिक-टिक" करत नेमक्या जागी बसणारा गिअर आणला. आणि १९९० मध्ये त्याच शिमानोने गिअर आणि ब्रेक एकाच दांड्यात बसवले. दोन वर्षांत इटलीच्या कॅम्पाग्नोलोनेही तसंच केलं. आता हात हँडलवरून हलवायची गरज उरली नाही. रस्त्यावरच्या नेहमीच्या रेसिंग सायकलचा प्रश्न सुटला.

पण टाइम ट्रायलवाल्यांचा प्रश्न त्याच सुमारास नव्याने सुरू झाला होता.

आठ सेकंद

तारीख २३ जुलै १९८९. टूरचा शेवटचा दिवस. फ्रान्सचा लोराँ फिन्यों पहिल्या क्रमांकावर, अमेरिकेचा ग्रेग लमाँड त्याच्या ५० सेकंद मागे. उरली होती फक्त व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. टाइम ट्रायल म्हणजे प्रत्येकाने एकट्याने निघायचं, घड्याळाशी लढायचं. एवढ्या कमी अंतरात ५० सेकंद भरून निघणार नाहीत, असं जवळपास सगळ्यांनाच वाटत होतं.

लमाँडच्या हँडलवर एरोबार होते. ही कल्पना बून लेनन नावाच्या अमेरिकी स्की प्रशिक्षकाची. डोंगरउतारावरून येणारा स्कीपटू हात पुढे जोडून जसा वाकतो, तशी बैठक सायकलवर आणायची. ट्रायथलॉनवाल्यांनी ती आधीच उचलली होती. फिन्यों नेहमीच्या टाइम ट्रायल हँडलवर, डोक्यावर हेल्मेट नाही, मागे केसांची शेंडी उडतेय.

लमाँड ताशी ५४.५ किलोमीटरच्या वेगाने गेला. त्याने फिन्योंला त्या दिवशी ५८ सेकंदांनी मागे टाकलं आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटरची अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. आजवरचा सर्वांत कमी फरक.

त्यानंतर एरोबार नको म्हणायची कुणाची टाप होती? सगळ्यांचे हात पुढे गेले. हात गेले म्हणून गिअरचे दांडेही एरोबारच्या टोकाला गेले. ब्रेक मात्र तिथे नेणं धोक्याचं, कारण कोपरांवर टेकून जोरात ब्रेक मारला तर तोल जाणार. म्हणून ब्रेक खाली बेसबारवरच राहिले.

झालं! हात दोन, जागा दोन. आणि गिअर फक्त एकाच जागी. कारण गिअर म्हणजे स्टीलची केबल. दांड्याने ती खेचायची, तिने डिरेलर हलवायचा. दोन ठिकाणच्या दांड्यांनी एकच केबल खेचायची म्हणजे मोठी कसरत.

कात्रजच्या घाटात माझा हात जिथून सुटला, त्याची सुरुवात ही अशी १९८९ च्या पॅरिसमध्ये झाली होती.

बरोबर उत्तर, चुकीची वेळ

आता गंमत ऐका. या प्रश्नाचं उत्तर लगेचच, म्हणजे १९९२ च्या सुमारास निघालं होतं! फ्रान्सच्या माविक कंपनीने "झॅप" नावाची यंत्रणा आणली. केबलऐवजी वायर, दांड्याऐवजी बटन. आणि बटनाचं वैशिष्ट्य काय? ते हवं तिथे लावता येतं आणि एकाहून जास्त ठिकाणी लावता येतं. घरात जिन्याचा दिवा कसा खालूनही लागतो आणि वरूनही, तसंच.

झॅपची रचना तर फारच हुशार होती. त्या काळच्या छोट्या बॅटरीत डिरेलर ढकलण्याइतकी ताकद कुठली? म्हणून त्यांनी ढकलायचं काम बॅटरीला दिलंच नाही. डिरेलरमध्ये एक छोटं दातेरी चाक असतं, चेन फिरली की ते फिरतं. झॅप त्याच्या फिरण्यातूनच ताकद घ्यायचं. बॅटरी फक्त एक बारीक खिट्टी सरकवून सांगायची, "आता वर" किंवा "आता खाली". म्हणजे गिअर बदलायची शक्ती शेवटी खेळाडूच्या पायांचीच. देग्रांजसुद्धा कदाचित तक्रार करू शकला नसता.

ब्रिटनचा क्रिस बोर्डमन नव्वदच्या दशकात टाइम ट्रायलसाठी झॅप वापरायचा. हा माणूस घड्याळाविरुद्धच्या शर्यतींचा बादशहा. त्याला दोन्ही हातांच्या जागी बटन मिळणं म्हणजे काय, ते आता तुम्हाला सांगायला नको.

मग झॅप गेलं कुठे? पाण्यात. अगदी शब्दशः. पावसात, ओल्या रस्त्यावर ते दगा द्यायचं. १९९९ मध्ये माविकने पुढचं पाऊल टाकलं, "मेक्ट्रॉनिक". हे तर वायरलेस! विचार करा, तेव्हा आपल्याकडे मोबाइल मोजक्या लोकांकडे होता आणि फोन आला तरी पैसे पडायचे. पण त्याच्यावरही लोकांचा भरवसा बसला नाही आणि तेही बाजारातून गेलं.

मला हा भाग वाचताना वाईट वाटलं. कल्पना बरोबर, गरज खरी, हुशारी तर पुरेपूर. पण भर घाटात ज्या गिअरवर तुमचा जीव आहे, तो दहातून नऊ वेळा चालून उपयोग नाही. दहाव्या वेळीही चालायला हवा. इतिहासात "पहिलं कोण" हे आपण पाठ करतो. "भरवशाचं पहिलं कोण" हा प्रश्न क्वचितच विचारतो.

त्याचं उत्तर आलं २००९ च्या मोसमात. शिमानोचं ड्युरा-एस डीआय-टू. लिथियम-आयन बॅटरी, पाणी आत जाऊ न देणारी जोडणी, आणि डिरेलरमध्ये खरीखुरी मोटर. तुमच्या खिशातला फोन ज्या बॅटरीमुळे शक्य झाला, तिच्याच घराण्यातली बॅटरी इथेही कामी आली. त्यानंतर रांगच लागली. २०११ मध्ये शिमानोने हेच तंत्र थोड्या स्वस्त अल्टेग्रा संचात आणलं, त्याच वर्षी कॅम्पाग्नोलोने आपली ईपीएस यंत्रणा जाहीर केली आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या स्रॅमने ई-टॅप हे वायरलेस गिअर जाहीर केले. मेक्ट्रॉनिकचं स्वप्न सोळा वर्षांनी खरं झालं.

माझी सायकल, माझं बजेट

एवढं वाचल्यावर मला कळलं की मला काय हवंय. नवी सायकल नको. एवढे पैसेही नाहीत. मला फक्त गिअर हातापाशी हवा होता.

मी आमच्या मेकॅनिक काकांकडे गेले. काकांनी सायकल स्टँडला टांगली, पेडल फिरवलं, माझा पट्टीतून नुकताच सुटलेला अंगठा बघितला.

"काका, हिला इलेक्ट्रॉनिक गिअर बसतील का हो?"

"बसतील गं. पण आधी सांग, हौस म्हणून की गरज म्हणून?"

"गरज म्हणून. दांडा दाबला जात नाही."

"मग बसवू. हौसेला मी नाहीच म्हणतो."

तुमच्यापैकी कुणाकडे अशी जुनी सायकल असेल तर आम्हाला काय काय अडचणी आल्या ते नीट ऐका.

पहिली अडचण, चाकं. माझी सायकल मागे १० गिअरची. मला जो वापरलेला संच मिळाला तो २०१३ नंतरचा, ११ गिअरचा. अकरा चक्रांसाठी चाकाचा फ्रीहब १.८५ मिलिमीटर जास्त रुंद लागतो. दोन मिलिमीटरही नाहीत, पण जुनं चाक बाद! क्लबमधल्या एकीकडून वापरलेलं चाक घ्यावं लागलं. म्हणून संच घेण्याआधी चाक तपासा. आणि २००९ चा पहिला १० गिअरचा डीआय-टू संच स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. त्याच्या वायरी वेगळ्या आहेत, नंतरच्या भागांशी त्या जुळत नाहीत.

दुसरी अडचण, वायर. जुनी फ्रेम केबलसाठी बनलेली. केबल जिथून आत जाते ती भोकं छोटी. काका म्हणाले, "कार्बनला ड्रिल लावायचं नाही. एकदा तडा गेला की फ्रेम गेली." सुदैवाने माझ्या फ्रेममधले केबलचे थांबे काढता येणारे निघाले. ते काढल्यावर वायर जाईल एवढी जागा झाली. मग वायरला दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाला लोखंडाचा बारीक तुकडा, आणि बाहेरून चुंबक फिरवत फिरवत तो आतून ओढून आणला. एक अख्खी दुपार गेली त्यात. ज्यांच्या फ्रेममध्ये वायरला वाटच नाही, त्यांना वायरलेस संच सोपा पडतो. मला तो परवडत नव्हता.

तिसरी, बॅटरी. नव्या पद्धतीत ती सीटच्या गोल दांड्यात लपते. माझा दांडा हवा कापण्यासाठी चपटा, त्यात ती गोल बॅटरी जाईना. शेवटी बाहेरची बॅटरी घेतली आणि पाण्याच्या बाटलीच्या स्टँडखाली बसवली. फोटोत छान दिसत नाही. चालते छान.

चौथी गोष्ट बारीक आहे, पण महत्त्वाची. पुढच्या डिरेलरची मोटर फार जोराने ढकलते. जुन्या फ्रेमला तो दाब सोसावा म्हणून डिरेलरच्या मागे आधाराची छोटी पट्टी चिकटवावी लागते. काकांनी ती आधी लावली, मगच बाकीचं.

आणि शेवटी बटनं. एरोबारच्या टोकाला एक जोडी, बेसबारवर ब्रेकपाशी दुसरी. काकांनी वायर जोडली, मी बेसबारवरचं बटन हलकेच दाबलं. झिईं! मग एरोबारवरचं दाबलं. झिईं! तोच गिअर, दोन्ही हातांच्या जागी. अंगठ्यात कळ नाही. व्हॉट्सअ‍ॅपला "हो" लिहायला लागतो तेवढाच जोर.

काय मिळालं, काय गेलं

आता खोटं नाही सांगणार. यात काही गेलंही.

जुनी केबल तुटली तर कुठल्याही गावातल्या सायकलवाल्याकडे काहीतरी जुगाड व्हायचा. हे बिघडलं तर जुगाड नाही. शिवाय बॅटरी. ती हजारेक किलोमीटर सहज जाते, म्हणूनच चार्ज करायची आठवण राहत नाही. माझंही तेच झालं, आणि दोष पूर्ण माझा. एका लांब राइडमध्ये पुढचा गिअर हलेनासा झाला. मी घाबरले. मग आठवलं, बॅटरी संपत आली की ही यंत्रणा आधी पुढचा डिरेलर बंद करते आणि उरलेली वीज मागच्यासाठी राखते. घरी पोहोचवायची सोय बनवणाऱ्यानेच करून ठेवली होती. मागच्या गिअरवर मी घरी आले. आता फोन चार्जिंगला लावते तेव्हा शनिवारी सायकलही लावते.

आणि ज्यांना वायरलेस हवंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न आणि कॅलिफोर्निया सॅन डिएगो या विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं की शिमानोच्या वायरलेस गिअरचा रेडिओ संदेश टिपून, तोच परत सोडून, सुमारे १० मीटरवरून दुसऱ्याच्या सायकलचा गिअर बदलता येतो. कंपनीने त्यावर सॉफ्टवेअर अपडेट काढला. म्हणजे आता सायकललाही अपडेट! देग्रांज आज असता तर त्याने डोक्याला हात लावला असता. पण खरं सांगू? त्याची ही एक काळजी मला पूर्ण चुकीची वाटत नाही. यंत्र जितकं तुमच्या हाताबाहेरचं, तितकी त्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात.

मग मी हे का केलं? वेगासाठी नाही. माझा वेग तोच आहे, पाय तेच आहेत. जाहिरातीत सांगतात की गिअर क्षणार्धात बदलतो. बदलतो, खरंच. पण माझ्या दृष्टीने या तीस-पस्तीस वर्षांच्या खटाटोपाचं खरं फळ ते नाही. एरोबारने हात आणि गिअर यांची ताटातूट केली होती, ती बटनाने मिटवली. ८ सेकंदांसाठी सुरू झालेल्या शर्यतीतून निघालेलं बटन माझ्यासारख्या दुखऱ्या अंगठ्याच्या, कधीच पहिली न येणाऱ्या मुलीच्या कामी आलं.

पट्टी निघाल्यानंतर तीन महिन्यांनी मी पुन्हा जुन्या कात्रज घाटात गेले. तेच वळण. खड्डा अजून तिथेच होता, तो कुठे जातोय! चढ वाढला. दोन्ही हात बेसबारवर, दोन बोटं ब्रेकवर. अंगठ्याने हलकेच बटन दाबलं. झिईं. गिअर हलका झाला, खड्डा बाजूने गेला, आणि मी वर बोगद्यापर्यंत पोहोचले. वर थांबून काकांना फोन केला.

"काका, हात सोडावा लागला नाही!"

"मग झालं तर," ते म्हणाले. "आता बॅटरी चार्ज करायला विसरू नकोस."

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू असेल, जी टाकून न देता तुम्ही नव्या काळाशी जोडून घेतली असेल, सायकल असो, रेडिओ असो की आजीचं शिलाई मशीन, तर तिची गोष्ट व्हॉइस नोटने नक्की पाठवा. आणि सायकल चालवताना हेडफोन घालू नका. हा एपिसोड घरी बसूनच ऐका.

भेटूया पुढच्या भागात!